नैराश्याची गोळी वाढवण्याआधी रात्रीचा श्वास पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पती ४६ वर्षांचे. दोन वर्षांपासून नैराश्यासाठी गोळ्या चालू आहेत. रडू येणं थांबलं, जीव नकोसा होणं थांबलं, पण उत्साह असा नाहीच. चिडचिड होते, दिवसा बसल्या जागी पेंगतात. घोरतात पूर्वीपासून, पण हल्ली मध्येच श्वास थांबतो आणि मग मोठा आवाज करून सुरू होतो. एका डॉक्टरांनी झोपेची तपासणी सांगितली आहे. पती म्हणतात, 'माझा प्रश्न मनाचा आहे, त्यात नाकाघशाचं काय?' स्लीप अ‍ॅप्नियामुळे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या आजारामुळे, नैराश्य येतं का? तसं असेल तर गोळ्या बंद करता येतील का? आणि घोरण्यामुळे मी दुसऱ्या खोलीत झोपले तर चालेल ना?"

आधी नेमकी उत्तरं देतो. तपासणी करून घ्या, लांबवू नका. गोळ्या आत्ता बंद करू नका, एकही. खोलीचं शेवटी सांगतो. तुम्ही तो प्रश्न जाता जाता विचारला आहे, पण माझ्या दृष्टीने तो बराच मोठा आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं झोपेच्या तपासण्यांचंही काम करतो. या दोन आजारांची गाठ डॉक्टरांच्या नजरेतून निसटते त्याचं कारण अगदी साधं आहे. नैराश्याचा साक्षीदार रुग्ण स्वतः असतो. आत काय चाललंय ते त्यालाच माहीत, तोच येऊन सांगतो. अ‍ॅप्नियाचा साक्षीदार मात्र रुग्ण सहसा नसतो, कारण आजार चालू असताना तो झोपलेला असतो. साक्षीदार असते शेजारी झोपणारी व्यक्ती. माझ्याकडे रुग्ण एकटा येतो, मनाचं बोलतो, मी मनाचं औषध देतो. घोरण्यासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेला तर तिथे मनाचा विषय निघत नाही. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आणि माणूस तिथल्या तिथेच.

आता घशात काय होतं ते पाहू. झोप लागली की अंगाचे सगळे स्नायू सैलावतात, तसे घशाचेही. ज्यांचा घसा मुळातच अरुंद आहे, मानेभोवती चरबी आहे, जबडा मागे आहे किंवा टॉन्सिल मोठे आहेत, त्यांच्यात जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे येऊन वाट अडवतो. छाती-पोट हलत असतात, हवा मात्र आत जात नाही. किमान १० सेकंद हवा थांबली की तपासणीत त्याला एक अ‍ॅप्निया धरतात. हवा पूर्ण न थांबता बरीच कमी झाली आणि त्यासोबत ऑक्सिजन घसरला किंवा झोप चाळवली, तर तेही मोजलं जातं. अशा घटना तासाला किती झाल्या त्यावर तीव्रता ठरते. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा दाबल्यासारखं. दर वेळी मेंदू काही सेकंद जागा होतो, घशाचे स्नायू आवळतो, श्वास सुटतो (तोच तो मोठा आवाज) आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. "मला झोप छान लागते, पडल्या पडल्या लागते" असं तो छातीठोकपणे सांगतो, आणि ते खोटं नसतं. पडल्या पडल्या झोप लागणं हेच इथे थकव्याचं लक्षण असतं.

याचा मनावर परिणाम कसा होतो? एकापेक्षा जास्त वाटांनी. पहिली वाट तुटलेल्या झोपेची. भावनांचा भडका उडवणारं मेंदूतलं केंद्र आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग यांच्यातला ताळमेळ झोपेवर अवलंबून असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना फक्त एक रात्र जागवलं, तर त्रासदायक चित्रं पाहताना ते भडक्याचं केंद्र सुमारे ६० टक्के जास्त पेटलं. तिथे एक रात्र होती, तुमच्या घरी वर्षानुवर्षांच्या रात्री आहेत. चिडचिड हा त्यांचा स्वभाव झाला असं घरचे समजतात. बऱ्याचदा तो स्वभाव नसतो, अर्धवट झोप असते.

दुसरी वाट ऑक्सिजनची. तो रात्रभर खाली-वर होत राहतो. प्रत्येक घसरणीला शरीर संकटाची घंटा वाजवतं, नाडी आणि रक्तदाब उसळतात, ताणाची संप्रेरकं वाढतात, शरीरात सौम्य दाह सतत पेटता राहतो. याच प्रकारचा दाह नैराश्याच्या अनेक रुग्णांच्या रक्तातही दिसतो. तिसरी वाट स्वप्नांच्या झोपेची. या टप्प्यात स्नायू सर्वांत ढिले असतात, म्हणून अनेकांचे अ‍ॅप्निया इथेच लांबतात आणि ऑक्सिजन इथेच सर्वांत खाली जातो. हा टप्पा रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असतो, आणि दिवसभरातल्या कडू प्रसंगांची धार बोथट करण्यात त्याचा वाटा आहे असं मानलं जातं. ती झोपच चिंध्या झालेली असेल तर कालचा अपमान आज सकाळी तितकाच ताजा असतो.

चौथी वाट कुठल्याही तपासणीत दिसत नाही. कामात चुका होतात, बोलणी बसतात, गाडी चालवताना डोळा लागतो, शरीरसंबंधात रस राहत नाही, जोडीदार वैतागून खोली बदलतो. इतकं झाल्यावर खिन्न व्हायला मेंदूच्या रसायनांची गरज लागत नाही.

उलट्या बाजूनेही रस्ता आहे, म्हणून "आधी काय झालं" या प्रश्नात मी फार वेळ घालवत नाही. नैराश्यात हालचाल कमी होते, वजन वाढतं, काहींची दारू वाढते. काही नैराश्यविरोधी गोळ्यांनीही वजन वाढतं. मिर्टाझापीन हे त्यातलं ठळक नाव. झोपेसाठी वा घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गटातल्या गोळ्या अनेकांच्या घशाचे स्नायू आणखी सैल पाडतात आणि श्वास अडकल्यावर मेंदूला जागं व्हायला उशीर लावतात. दारू तेच करते. म्हणजे "झोप नीट लागत नाही" म्हणून दिलेली गोळी श्वासाचा त्रास वाढवू शकते. ही चूक मी स्वतः केली आहे. एकट्या राहणाऱ्या एक बाई वर्षभर माझ्याकडे येत होत्या. झोप तुटते, थकवा, रडू येतं. मी झोपेची गोळी दिली, पुढे वाढवली. घोरता का, हे विचारलं नाही. विचारूनही त्या काय सांगणार होत्या? ऐकायला घरात कोणी नव्हतं. सुट्टीत बहिणीकडे राहिल्या तेव्हा बहिणीने मला फोन केला. तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या रुग्णाला मी मोबाइल उशाशी ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करायला सांगतो.

बायकांचं चित्र मुळातच वेगळं असतं. घोरण्याची तक्रार कमी, थकवा, निद्रानाश, डोकेदुखी आणि उदास वाटणं जास्त. रजोनिवृत्तीनंतर धोका वाढतो, आणि नेमकं त्याच वयात "वयाचं आहे, टेन्शन आहे" म्हणून बोळवण होते.

पुराव्याचं म्हणाल तर तो चांगला आहे, पण सगळा सारख्या वजनाचा नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शेकडो लोकांच्या झोपेचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, झोपेतल्या श्वासाचा त्रास नसलेल्यांच्या तुलनेत सौम्य त्रास असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता सुमारे २ पट आणि मध्यम वा जास्त त्रास असलेल्यांमध्ये २.६ पट निघाली. त्रास जितका वाढला तितकं नैराश्य वाढलं, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं. योगायोगात अशी पायरी सहसा दिसत नाही. २०१२ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सुमारे ९,७०० प्रौढांची माहिती तपासली. झोपेत श्वास थांबणं किंवा धाप लागून उठणं ज्यांना वारंवार होत होतं त्यांच्यात नैराश्य जास्त होतं. नुसत्या घोरण्याचा मात्र नैराश्याशी संबंध आढळला नाही. म्हणूनच तुमच्या पत्रातला "मध्येच श्वास थांबतो" हा तुकडा माझ्या लेखी "घोरतात" याच्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

उपचाराने मन सुधारतं का? पश्चिम ऑस्ट्रेलियातला २०१५ चा अभ्यास सर्वांत उत्साहवर्धक. अ‍ॅप्नियाच्या २९३ नव्या रुग्णांपैकी ७३ टक्क्यांमध्ये दखल घेण्याजोगी नैराश्याची लक्षणं होती. तीन महिने रोज सरासरी पाच तासांपेक्षा जास्त सीपॅप मशीन (झोपेत घसा उघडा ठेवणारं, त्याबद्दल पुढे सांगतो) वापरणाऱ्यांमध्ये ती फक्त ४ टक्क्यांत उरली. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यात तुलनेसाठी मशीन न वापरणारा वेगळा गट नव्हता, आणि नियमाने मशीन वापरणारे लोक एरवीही बरे होण्याच्या वाटेवर असू शकतात. हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते. तिथेही मशीनच्या गटात नैराश्य कमी राहिलं, तेही रात्रीचा वापर सरासरी साडेतीन तासांच्या आत असताना. फरक मात्र ऑस्ट्रेलियातल्या इतका नेत्रदीपक नव्हता. माझ्या अनुभवात खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

आकड्यांत आणखी एक मेख आहे. नैराश्य मोजायला आम्ही पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतो. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, १० पासून पुढे काळजीचं. त्यात झोप, थकवा, एकाग्रता आणि हालचालीतला संथपणा हे चार प्रश्न आहेत. या चारांतच १२ गुण होतात. म्हणजे उदासी औषधालाही नसलेला अ‍ॅप्नियाचा रुग्ण नुसत्या बेरजेवर नैराश्याच्या रांगेत जाऊन बसू शकतो. म्हणून मी बेरीज बघून थांबत नाही, वेगळं विचारतो. "उद्या अचानक सुट्टी मिळाली आणि आवडीचं काम समोर आलं, तर?" एक म्हणतो, "करायची इच्छा खूप आहे हो, पण अंगात त्राण नाही." दुसरा म्हणतो, "त्राण असलं तरी काय, इच्छाच होत नाही." पहिल्याच्या रात्रीकडे माझं लक्ष आधी जातं, दुसऱ्याच्या मनाकडे. तसंच थकवा आणि पेंग यांतला फरक. नैराश्यातला माणूस दमलेला असतो, पण दुपारी आडवा झाला तरी छताकडे बघत पडतो. अ‍ॅप्नियातला माणूस बोलता बोलता डुलकी घेतो. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, औषध चालू असूनही न बसणारा रक्तदाब, हे सगळं घशाकडे बोट दाखवतं. तुमचे पती पेंगतात, पण पूर्वी त्यांना जगणं नकोसंही झालं होतं. त्यामुळे दोन्ही आहे असं धरूनच मी चालेन.

तपासणीबद्दल. घरी करायची सोपी चाचणी असते: बोटाला ऑक्सिजनचं यंत्र, नाकाशी नळी, छातीला पट्टा. रात्रभर मेंदूच्या लहरी वगैरे नोंदवणारी सविस्तर चाचणी प्रयोगशाळेत होते. अ‍ॅप्नियाचा दाट संशय असेल तर घरची बहुधा पुरते. पण नैराश्यातल्या रुग्णाबाबत एक सावधगिरी बाळगा. घरची चाचणी साधारणपणे झोपेचे तास मोजत नाही, यंत्र चालू असलेले तास मोजते. माणूस त्यातले तीन तास नुसता जागा पडला असेल तर त्या तासांत अ‍ॅप्निया होणारच नाही, आणि सरासरी खोटी खोटी कमी येईल. लक्षणं ठळक आणि घरचा निकाल "नॉर्मल" असेल तर तिथे थांबू नका, सविस्तर चाचणीचा आग्रह धरा. त्या रात्री नेहमीच्या गोळ्या नेहमीसारख्याच घेऊ द्या आणि त्यांची यादी तिथल्या लोकांना द्या. काही नैराश्यविरोधी गोळ्या स्वप्नांची झोप कमी करतात, अहवाल वाचणाऱ्याला ते माहीत असायला हवं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही त्याच आठवड्यात बघून घ्या. मंदावलेला थायरॉइड थकवा, वजन, उदासी आणि अ‍ॅप्निया ही चारही सोंगं वठवतो.

मध्यम किंवा तीव्र निघाला तर बहुतेक वेळा सीपॅप मशीन सुचवतील. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि मूळ कल्पना अजून तीच आहे: मास्कमधून हलक्या दाबाची हवा सोडायची, म्हणजे घसा आतून उघडा राहतो. मशीन ऑक्सिजन देत नाही, फक्त वाट मोकळी ठेवते. अडचण मशीनमध्ये नसते, ते रोज लावण्यात असते. रात्री चार तास आणि दहापैकी सात रात्री, एवढं झालं की कागदावर "वापर चांगला" म्हणतात. मनासाठी मी जास्त मागतो. स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते, आणि बहुतेक लोक दोन-तीन वाजता मास्क काढून ठेवतात. ज्या तासांत गरज सर्वांत जास्त, तेच तास उघडे.

आणि इथेच नैराश्य आडवं येतं. "काही उपयोग नाही" हे त्या आजाराचं पालुपद. पहिल्या तीन रात्री मास्क टोचला की तो कपाटात जातो. म्हणून पहिले दोन आठवडे मी रुग्णाला मोकळा सोडत नाही. संध्याकाळी जागेपणी, टीव्ही पाहताना वीस मिनिटं मास्क लावून बसायचं, झोपेशी त्याचा संबंध नको. नाक कोंडत असेल तर आधी नाकाचा इलाज. हवेला ओलावा देणारी सोय वापरायची. मास्क चेहऱ्याला बसत नसेल तर दुसऱ्याच दिवशी बदलून मागायचा, महिनाभर सोसत बसायचं नाही. कितीही करून जमलंच नाही तर दुसरे मार्ग आहेत: खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण, पाठीवर झोपल्यावरच त्रास होणाऱ्यांसाठी कुशीवर झोपण्याच्या युक्त्या, निवडक रुग्णांत जिभेच्या नसेला चेतना देणारं यंत्र. १० टक्के वजन कमी झालं तर घटनांची संख्या साधारण पाव हिश्श्याने उतरते. लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. पण वजन उतरायला महिने लागतात. तोवर घसा उघडा ठेवावाच लागतो.

आता गोळ्या. तुमची आशा मला कळते: मशीन आलं की गोळ्या गेल्या. तसं काहींच्या बाबतीत होतंही, पण या क्रमाने. मशीनचा नियमित वापर बसला की पेंग काही दिवसांत ते आठवड्यांत उतरते. मन सावरायला एक ते तीन महिने द्यावे लागतात. तीन महिन्यांनी मी पुन्हा सगळं विचारतो आणि मशीनमधली वापराची नोंद पाहतो. मन स्थिर असेल तर त्यानंतर काही महिने तसंच टिकू देऊन मग एकेक गोळी हळूहळू उतरवायची, तीही त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांनीच. अचानक थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होणं असा त्रास होतो, आणि आजार उलटण्याची भीती वेगळीच. आत्ता एकच विनंती त्या डॉक्टरांना करा: यादीत झोपेची किंवा घबराटीची गोळी असेल तर तिचा फेरविचार करा, कारण अ‍ॅप्नियाचा संशय आहे. तीही स्वतःहून तोडायची नाही. मशीन नीट चालूनही खिन्नता उरली, तर ती घशाची नाही, मग नैराश्याचा उपचार पूर्ण ताकदीने करायचा, बोलण्याच्या उपचारांसह. आणि श्वास सुधारूनही झोपच लागत नसेल तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत झोपेच्या गोळीपेक्षा चांगली. अ‍ॅप्निया आणि निद्रानाश एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही.

जीव नकोसा होण्याचे विचार पुन्हा डोकावले, तर मात्र तपासणीची तारीख, अहवाल, मशीन कशाचीही वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यांना एकटं सोडू नका.

पतींना काय सांगायचं? "तुम्हाला डिप्रेशन नाहीच, नुसतं घोरणं आहे" असं चुकूनही म्हणू नका. दोन वर्षं जे सोसलं ते खोटं ठरवल्यासारखं होतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, "गोळ्यांनी तुम्हाला अर्ध्या वाटेपर्यंत आणलं. पुढे जात नाही, कारण रोज रात्री कोणीतरी मागे ओढतंय. ते कोण, एवढं बघू या." हे बहुतेकांना पटतं. त्यांच्या श्वासाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ त्याहून पटतो. आधी विचारून काढा आणि फक्त त्यांना व डॉक्टरांना दाखवा. स्वतःचा थांबलेला श्वास पडद्यावर पाहून गप्प झालेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत.

आणि खोलीचं. खुशाल बदला, पण तपासणी झाल्यावर. तोपर्यंत तीन-चार रात्री तिथेच झोपा आणि श्वास किती वेळा थांबतो, पाठीवर असताना जास्त होतो का, पहाटे वाढतो का, एवढं टिपून ठेवा. तो कागद घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे आत जा, बाहेर बसू नका. आणि आत गेल्यावर स्वतःच्या झोपेचंही सांगा. इतकी वर्षं तुम्हीही त्याच आवाजात झोपता आहात, आणि ती तक्रार तुमच्या पत्रात कुठेच नाही.